प्रचारातले परराष्ट्र धोरण आणि मच्छीमार नगर

दक्षिण मुंबई लोकसभा मतदारसंघाच्या टोकाला, कफ परेडच्या उंच इमारतींच्या पायथ्याशी मच्छीमार नगर आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री पाकिस्तानातून आलेले दहा दहशतवादी रबरी होडीतून बधवार पार्कजवळच्या याच किनाऱ्यावर उतरले. तुम्ही कोण, कुठून आलात, असे त्यांना पहिल्यांदा हटकले ते इथल्या मच्छीमारांनी. पुढच्या तीन दिवसांत मुंबईत १६६ माणसे मारली गेली. त्यानंतर होड्यांच्या नोंदणीचे, ओळखपत्रांचे आणि किनारी तपासणीचे नियम कडक झाले, आणि ते इथल्या प्रत्येक तांडेलाच्या रोजच्या कामाचा भाग बनले. शेजारी देशाशी आपले संबंध कसे आहेत, याचा हिशेब या वस्तीला असा घरबसल्या चुकवावा लागतो.

म्हणूनच निवडणूक आली की पाकिस्तान, चीन, श्रीलंका यांच्याबद्दल व्यासपीठावरून जे बोलले जाते, ते इथे बसून ऐकताना मला एक प्रश्न पडत आला आहे. हे बोलणे नेमके कोणासाठी असते? गेली काही वर्षे मी निवडणूक काळातली भाषणे, संसदेतली भूमिका आणि निकालानंतरची सरकारी कागदपत्रे शेजारी शेजारी ठेवून वाचतो आहे. त्या वाचनातून जे हाती लागले ते इथे मांडतो. कोणता पक्ष अधिक देशभक्त, हे ठरवण्याचा हा लेख नाही. पक्षांचे बोलणे का बदलते, कधी बदलते आणि त्याची किंमत कोण मोजतो, एवढेच मला पाहायचे आहे.

मुंबईतली जुनी गोष्ट

परराष्ट्र धोरणावर लढली गेलेली देशातली सर्वांत गाजलेली लोकसभा लढत मुंबईतच झाली, हे आज फारसे कुणाच्या लक्षात नाही. १९६२ साली उत्तर मुंबईत संरक्षणमंत्री व्ही. के. कृष्ण मेनन काँग्रेसचे उमेदवार होते. त्यांच्यासमोर आचार्य जे. बी. कृपलानी उभे राहिले. चीनने लडाखमध्ये रस्ता बांधला, सीमेवर चकमकी झाल्या, आणि संरक्षणमंत्री ढिले पडले, हा कृपलानींचा मुख्य आरोप. त्यांच्यामागे प्रजा समाजवादी, जनसंघ आणि स्वतंत्र पक्ष अशी एरवी एकत्र न येणारी मंडळी होती. उलट बाजूला, इतरत्र काँग्रेसशी लढणारे कम्युनिस्ट इथे मेनन यांच्यासाठी राबत होते. पंडित नेहरूंनी ही लढत स्वतःच्या धोरणाची परीक्षा मानली आणि मेनन यांच्यासाठी प्रचार केला. दोनच महिने आधी, डिसेंबर १९६१ मध्ये, गोवा मुक्त झाला होता. त्याचेही श्रेय मेनन यांच्या खात्यावर जमा होते. कृपलानींच्या जवळजवळ दुप्पट मते घेऊन ते निवडून आले.

२० ऑक्टोबर १९६२ ला चीनने हल्ला केला. ७ नोव्हेंबरला मेनन मंत्रिमंडळातून बाहेर पडले. १९६७ च्या निवडणुकीत त्याच काँग्रेसने त्याच शहरात त्याच मेनन यांना तिकीट नाकारले, आणि कारण सांगितले की ते मुंबईचे नाहीत. ते पक्ष सोडून अपक्ष उभे राहिले आणि ईशान्य मुंबईत काँग्रेसच्या स. गो. बर्वे यांच्याकडून हरले. नुकत्याच जन्मलेल्या शिवसेनेनेही मेनन यांच्या विरोधात प्रचार केला. पाच वर्षांपूर्वी ज्यांचे धोरण म्हणजे देशाचे धोरण होते, ते आता ‘बाहेरचे’ ठरले. चीनबाबतची आपली १९६२ पूर्वीची भूमिका बरोबर होती की चूक, हे त्या पक्षाने मुंबईच्या मतदाराला समजावून सांगितले नाही. उमेदवार बदलला आणि विषय मिटला.

पक्ष अडचणीची भूमिका मागे घेत नाहीत, तिच्याबद्दल बोलणे थांबवतात. ही रीत तेव्हापासून चालत आली आहे.

खुर्ची बदलली की वाक्य बदलते

२००८ नंतरची उदाहरणे वाचकांच्या आठवणीतली आहेत. मुंबईवरचा हल्ला चालू असतानाच दिल्ली विधानसभेचे मतदान २९ नोव्हेंबरला होते. ताजमधली कारवाई संपण्यापूर्वीच, २८ तारखेच्या वृत्तपत्रांत भाजपने केंद्र सरकारला दुबळे ठरवणारी जाहिरात दिली. दिल्लीच्या मतदारांनी तरीही काँग्रेसलाच निवडले. पुढे २००९ च्या लोकसभा प्रचारात लालकृष्ण अडवाणी डॉ. मनमोहन सिंग यांना दुबळे पंतप्रधान म्हणत राहिले. काँग्रेसने उत्तर दिले ते कंदाहारचे : डिसेंबर १९९९ मध्ये विमान अपहरणानंतर वाजपेयी सरकारने तीन दहशतवादी सोडले होते. दोन्ही आरोपांत तथ्याचा अंश होता. पण दोघांपैकी कुणीही निवडून आल्यावर पाकिस्तानशी काय करणार, ते सांगितले नाही.

काँग्रेस आघाडी जिंकली. दक्षिण मुंबईतूनही तिचाच उमेदवार निवडून आला. १६ मे २००९ ला निकाल लागला आणि बरोबर दोन महिन्यांनी, १६ जुलैला, इजिप्तमधल्या शर्म अल-शेखला भारत आणि पाकिस्तानच्या पंतप्रधानांचे संयुक्त निवेदन निघाले. दहशतवादावरची कारवाई आणि संवादाची प्रक्रिया यांची सांगड घालू नये, असा त्याचा आशय होता. बलुचिस्तानचा उल्लेखही होता. ज्या सरकारने हल्ल्यानंतर संवाद थांबवला आणि कठोर भूमिकेच्या जोरावर मते मागितली, त्याचीच ही सही. हे पाऊल योग्य होते असे मानणारे जाणकार आजही आहेत. माझा मुद्दा वेगळा आहे : हे पाऊल प्रचारात मतदाराला सांगितले गेले नव्हते.

आता दुसरी बाजू पाहू. विरोधात असताना भाजपने पाकिस्तानी पाहुण्यांना जेवण घातल्याबद्दल सरकारवर टीका केली होती. २६ मे २०१४ ला नव्या सरकारच्या शपथविधीला नवाझ शरीफ पाहुणे म्हणून आले, आणि २५ डिसेंबर २०१५ ला पंतप्रधान नरेंद्र मोदी अचानक लाहोरला जाऊन त्यांना भेटले. त्या वेळी टीका केली ती शर्म अल-शेखवर सही करणाऱ्या काँग्रेसने. शिवसेनेचेही असेच. वानखेडेची खेळपट्टी खणून पाकिस्तानशी क्रिकेट नको म्हणणारा हा पक्ष फेब्रुवारी १९९९ मध्ये लाहोरला बस नेणाऱ्या वाजपेयी सरकारात सामील होता.

पाकिस्तान सोडून इतर विषयांतही हाच क्रम दिसतो. अमेरिकेशी अणुसहकार्याची वाट जानेवारी २००४ मध्ये वाजपेयी सरकारने मोकळी केली. २००८ मध्ये मनमोहन सिंग सरकारने करार पुढे नेला तेव्हा भाजपने त्याच्या विरोधात मतदान केले. जानेवारी २०१५ मध्ये त्याच करारातली अडलेली गाठ सुटल्याची घोषणा मोदी आणि ओबामा यांनी केली. बांगलादेशाशी जमीन सीमा कराराचे विधेयक २०१३ मध्ये आले तेव्हा भाजपने ते अडवले. मे २०१५ मध्ये तेच, भाजप सरकारने आणलेले, दोन्ही सभागृहांत एकमताने संमत झाले. म्हणजे राष्ट्रहिताचा प्रश्न पूर्वीही होता आणि नंतरही होता, मधल्या काळात बदलली ती बसण्याची जागा.

कच्चतीवू : मच्छीमारांच्या नावाने

मच्छीमारांचे नाव घेऊन झालेला अलीकडचा सर्वांत मोठा वाद कच्चतीवूचा. रामेश्वरम आणि श्रीलंका यांच्यामधले हे छोटे निर्जन बेट १९७४ च्या करारानुसार श्रीलंकेकडे गेले. १९७६ च्या पत्रव्यवहारानंतर तिथल्या पाण्यातला भारतीय मच्छीमारांचा हक्कही संपला. ३१ मार्च २०२४ ला, लोकसभेच्या पहिल्या टप्प्याला तीन आठवडे राहिले असताना, पंतप्रधानांनी काँग्रेसने हे बेट देऊन टाकल्याचा मुद्दा काढला. दुसऱ्या दिवशी परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी पत्रकार परिषदेत सांगितले की, वीस वर्षांत श्रीलंकेने ६,१८४ भारतीय मच्छीमार पकडले आणि १,१७५ बोटी जप्त केल्या.

हे आकडे गंभीर आहेत. पण कागद पुढे ठेवले की गुंता दिसतो. जानेवारी २०१५ मध्ये, म्हणजे मोदी सरकारच्याच काळात, परराष्ट्र मंत्रालयाने माहिती अधिकारात उत्तर दिले होते की या करारात भारताचा भूभाग दिला किंवा घेतला गेला नाही, कारण तिथली हद्द पूर्वी कधी आखलीच गेली नव्हती. मनमोहन सिंग सरकारने २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हेच म्हटले होते. २०१४ मध्ये मोदी सरकारच्या महान्यायवाद्यांनी त्याच न्यायालयात सांगितले की बेट परत घ्यायचे तर युद्ध करावे लागेल. द्रमुकची कथाही सरळ नाही : १९७४ मध्ये तमिळनाडूत त्यांचे सरकार होते, पुढे बेट परत घ्या अशी त्यांची मागणी राहिली, आणि तरीही ते बराच काळ मनमोहन सिंग सरकारात भागीदार होते.

बेट परत आले तरी मासळीचा प्रश्न सुटत नाही. तमिळनाडूचे मोठे ट्रॉलर समुद्राचा तळ खरवडतात आणि त्याचा फटका पलीकडच्या जाफन्यातल्या लहान मच्छीमारांना बसतो. तेही तमिळच. श्रीलंकेने अशा ट्रॉलिंगवर २०१७ मध्ये बंदी घातली. मोठ्या यांत्रिक बोटी आणि लहान होड्या यांचे भांडण काय असते, हे कोकण किनाऱ्यावरच्या कुणालाही समजावून सांगावे लागत नाही. भाषणातले बेट नकाशावर बोट ठेवून दाखवता येते, जाळ्याचे भांडण तसे दाखवता येत नाही. म्हणून भाषणात बेट येते.

पालघरची सभा आणि पालघरचे खलाशी

आपल्या किनाऱ्याच्या जवळचे उदाहरण पालघरचे आहे. त्यासाठी आधी थोडा भूगोल. कच्छच्या पश्चिमेला सर क्रीक नावाची ९६ किलोमीटरची खाडी आहे. १९६८ च्या लवादाने कच्छच्या रणाची हद्द ठरवली, पण ही खाडी तशीच राहिली. खाडीच्या मुखापासून समुद्रातली सीमारेषा सुरू व्हायची, आणि मुखच वादात असल्याने समुद्रातली रेषाही आजतागायत ठरलेली नाही. त्या पाण्यात मासळी भरपूर आहे. बोटी तिकडे ओढल्या जातात आणि पाकिस्तानची सागरी सुरक्षा यंत्रणा त्या पकडते. आपले तटरक्षक दल त्यांच्या बोटी पकडते.

मच्छीमार नगरच्या होड्या सहसा इतक्या दूर जात नाहीत. पकडल्या जातात त्या मुख्यतः पोरबंदर, ओखा, वेरावळ, दीव इथल्या. मात्र त्या बोटींवर खलाशी म्हणून पालघर जिल्ह्यातली, बरीचशी आदिवासी, मुले हंगामभर कामाला जातात. बोट मालकाची, सीमा दोन सरकारांची आणि तुरुंग मात्र खलाशाला.

डिसेंबर २०१२ मध्ये गुजरात विधानसभेचे मतदान तोंडावर असताना मुख्यमंत्री नरेंद्र मोदी यांनी पंतप्रधानांना पत्र लिहून सर क्रीक पाकिस्तानला देऊ नये असे बजावले. पंतप्रधान कार्यालयाने आरोप निराधार ठरवला. मतदान झाले आणि विषय मागे पडला. मनमोहन सिंग सरकारने दहा वर्षांत खाडीचा करार केला नाही. त्यानंतरच्या सरकारनेही केलेला नाही. खाडी दिली जाईल या भीतीवर मते मागता येतात. खाडीचा निकाल लावायचा तर थोडे घ्यावे आणि थोडे सोडावे लागते, आणि सोडण्याची गोष्ट कुठलाच पक्ष व्यासपीठावरून बोलू शकत नाही.

मे २०२४ मध्ये पालघरला प्रचारसभा झाली. उत्तर प्रदेशचे मुख्यमंत्री योगी आदित्यनाथ यांनी तिथे सांगितले की मोदी तिसऱ्यांदा पंतप्रधान झाल्यावर सहा महिन्यांत पाकव्याप्त काश्मीर भारताचे होईल. सहा महिने केव्हाच उलटले. त्याच महिन्यात काँग्रेस नेते मणिशंकर अय्यर यांची पाकिस्तानकडे अणुबॉम्ब असल्याने त्याचा मान राखावा अशा आशयाची जुनी चित्रफीत फिरली. पक्षाने ते त्यांचे वैयक्तिक मत म्हणून हात झटकले. पाकव्याप्त काश्मीर भारताचे आहे, असा संसदेचा एकमताचा ठराव २२ फेब्रुवारी १९९४ चा आहे आणि तेव्हा सरकार काँग्रेसचे होते. या ठरावाची आठवण त्या प्रचारात दोन्ही बाजूंना फारशी सोयीची नव्हती.

पालघरच्या त्या सभेच्या थोडेच दिवस आधी, मेच्या सुरुवातीला, जिल्ह्यातल्या एका खलाशाचा मृतदेह घरी आला होता. मार्चमध्ये कराचीच्या तुरुंगात त्याचा मृत्यू झाला होता. देह अमृतसरमार्गे इथवर यायला दीड महिना लागला. पाकिस्तानच्या नावाने मते मागितली जात असताना पाकिस्तानच्या तुरुंगात असलेल्या पालघरच्या माणसांना केव्हा आणणार, हा प्रश्न त्या निवडणुकीचा मुख्य विषय झाला नाही.

यादी मात्र चुकत नाही

या गदारोळाखाली एक काम शांतपणे चालू असते. २१ मे २००८ च्या करारानुसार भारत आणि पाकिस्तान दर वर्षी १ जानेवारीला आणि १ जुलैला आपापल्या तुरुंगांतल्या एकमेकांच्या नागरिकांच्या याद्या देतात. मुंबईवरच्या हल्ल्यानंतर हा करार मोडला नाही. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूर झाले, दोन्ही देशांत चार दिवस लढाई झाली, तरी १ जुलैला याद्या वेळेवर गेल्या. पाकिस्तानने १९३ भारतीय मच्छीमार आपल्या ताब्यात असल्याचे कळवले, भारताने ८१ पाकिस्तानी मच्छीमारांची नावे दिली. २०१४ पासून त्या दिवसापर्यंत २,६६१ भारतीय मच्छीमार परत आले, असे मंत्रालयाचे निवेदन सांगते.

२०१९ चा एप्रिल आठवा. बालाकोटचा हवाई हल्ला फेब्रुवारीतला. ९ एप्रिलला लातूर जिल्ह्यातल्या औसा इथे पंतप्रधानांनी पहिल्यांदा मतदान करणाऱ्या तरुणांना बालाकोटच्या वीर जवानांसाठी आपले मत अर्पण कराल का, असे विचारले. लष्कराच्या कामगिरीचा प्रचारात वापर करू नका, असे निवडणूक आयोगाने मार्चमध्येच पक्षांना बजावले होते. औशाच्या भाषणात मात्र आयोगाला आचारसंहितेचा भंग दिसला नाही. त्याच एप्रिलमध्ये पाकिस्तानने ३६० भारतीय कैदी टप्प्याटप्प्याने सोडायला सुरुवात केली. त्यांतले ३५५ मच्छीमार होते. एकीकडे सभा, दुसरीकडे वाघा सीमेवरून घरी निघालेले खलाशी. ही दुसरी गोष्ट सरकारनेही प्रचारात मिरवली नाही आणि विरोधकांनीही तिचा उल्लेख केला नाही. कारण ती दोघांच्याही भाषणात बसत नव्हती.

ज्या कामाला चिकाटी लागते ते मात्र रखडले आहे. दोन्ही देशांच्या निवृत्त न्यायाधीशांची एक समिती तुरुंगांना भेट देऊन कैद्यांची स्थिती पाहत असे. तिची शेवटची बैठक २०१३ मध्ये झाली. सागरी कायद्याच्या संयुक्त राष्ट्र कराराचे ७३ वे कलम सांगते की विशेष आर्थिक क्षेत्रात मासेमारीचे नियम मोडले म्हणून, वेगळा करार नसेल तर, तुरुंगवास देऊ नये. भारताने हा करार १९९५ मध्ये आणि पाकिस्तानने १९९७ मध्ये मान्य केला. तरी दोघेही एकमेकांच्या मच्छीमारांना कोंडून ठेवतात.

असे का होते

या सगळ्याची मला तीन कारणे दिसतात. पहिले, प्रचारातले परराष्ट्र धोरण परदेशाला उद्देशून नसतेच. पाकिस्तानचे नाव घेऊन बोलणारा नेता समोरच्या प्रतिस्पर्ध्याला भित्रा किंवा बेजबाबदार ठरवत असतो. दुसरे, पक्ष एका तोंडाने बोलत नाही. जाहीरनाम्यात शेजाऱ्यांशी मैत्रीचे सौम्य वाक्य असते, सभेत गर्जना असते, आणि गर्जना अंगावर आली की वैयक्तिक मताची पळवाट असते. तिसरे, हिशेब मागणारा कुणी नसतो. रस्ता झाला नाही तर मतदाराला दिसतो. सर क्रीकची बोलणी थांबली आहेत, हे मच्छीमार नगरातून दिसत नाही.

काही बदल प्रामाणिकही असतात, हे मान्य केले पाहिजे. सत्तेत आल्यावर गुप्त माहिती हाती येते, सैन्याच्या मर्यादा कळतात, दुसऱ्या देशाचा दबाव सोसावा लागतो. बांगलादेशाचा करार २०१५ मध्ये मान्य करणे शहाणपणाचेच होते. म्हणून भूमिका बदलली एवढ्यावरून मी कुणाला दोष देणार नाही. बदलाचे कारण लोकांना सांगितले का, एवढे मी पाहतो. २६/११ च्या कटातला आरोपी तहव्वूर राणा याला एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेतून आणले तेव्हा सत्ताधाऱ्यांनी श्रेय घेतले आणि काँग्रेसने पाया आपण घातल्याचे सांगितले. खरे तर राष्ट्रीय तपास यंत्रणेचा खटला २००९ चा आणि हस्तांतर २०२५ चे. सोळा वर्षे दोन्ही बाजूंच्या सरकारांनी तो धागा सोडला नाही म्हणून ते घडले. परराष्ट्र धोरणातली मोठी कामे अशीच, कुणा एकाच्या कारकिर्दीत न मावणारी असतात. हे एकदा लक्षात आले की सहा महिन्यांत सीमा बदलण्याचे आश्वासन कसे ऐकायचे, ते आपोआप कळते.

मतदाराच्या हातात काय आहे? तीन साधे प्रश्न. तुमचा पक्ष उलट्या बाकावर असताना या विषयावर काय म्हणाला होता? या विषयाचा करार किंवा न्यायालयातले शपथपत्र काय सांगते? आणि निवडून आल्यावर पहिल्या सहा महिन्यांत कुठली बैठक, कुठले पत्र, कुठली भेट होणार? या तिसऱ्या प्रश्नाला मच्छीमार वस्त्यांनी आपले नेमके शब्द द्यावेत : न्यायाधीशांची समिती पुन्हा केव्हा बसणार, शिक्षा भोगून झालेले खलाशी तुरुंगात का, जप्त बोटी केव्हा परत मिळणार. हे प्रश्न विचारायला खासदाराची निवडणूकच लागते असेही नाही. महापालिकेच्या प्रचारातही पाकिस्तान येतो, तेव्हा तिथेही ते विचारता येतील.

दोन्ही देशांच्या तुरुंगांतल्या माणसांची यादी दर १ जानेवारीला आणि १ जुलैला निघते. तिच्यातला मच्छीमारांचा आकडा जुलै २०२५ च्या १९३ च्या वर आहे की खाली, हे मी पाहत राहणार आहे. सभेत पाकिस्तानचे नाव घेणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला तो आकडा ठाऊक आहे का, एवढे वाचकांनी विचारावे.